नऊ वेळा ‘नाही’

सुई जाई पुढे, दोरा धावे मागे
आतली शिवण, कुणाला ना सांगे

हा आवाज थोरलीच्या कानात राहायला आला त्याला सव्वीस वर्षं झाली होती. लग्न होऊन ती या घरात आली आणि चारच दिवसांत सासूबाईंनी तिला मागच्या बाइंडिंगच्या खोलीत नेलं, हातात सुई दिली आणि स्वतः समोर बसल्या. उसवलेल्या जाड पुस्तकाच्या घड्या शिवता शिवता त्या हे गुणगुणत होत्या. गळा काही गोड नव्हता, खळ वाळल्यासारखा खरखरीत होता. पण ठेका असा, की ऐकणाऱ्याचा हात आपोआप चालू लागावा.

"दोरा ताणायचा, तोडायचा नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आणि पुस्तक मिटल्यावर शिवण बाहेरून दिसली, तर समजायचं की हात कच्चा आहे."

थोरलीचा हात पक्का झाला. शिवण आत ठेवायची सवयही लागली. आणि आज त्याच खोलीत, त्याच लांब टेबलाभोवती बसून घरातली माणसं तिलाच टाक्याटाक्याने उसवत होती.

"वाच ना, वहिनी. तुझंच अक्षर आहे."

नणंदेने कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. नणंद सगळ्यांत मोठी, शाळेत मुख्याध्यापिका. घरातही ती बोलायला लागली की समोरचा नकळत ताठ बसायचा. थोरलीने कागदाला हात लावला नाही.

"तुम्हीच वाचा, ताई. चष्मा तुमच्या नाकावर आहे."

"वाचते. ‘एकट्या आंघोळ करतात का? नाही. स्वतः कपडे बदलतात का? नाही. स्वयंपाक? नाही. जिना चढतात का? नाही. बाजारहाट? नाही. औषधं आपापली घेतात का? नाही. फोन स्वतः लावतात का? नाही. घराबाहेर एकट्या जातात का? नाही.’ आणि शेवटी, ‘गेल्या वर्षभरात पडल्या आहेत का? नाही.’ नऊ प्रश्न, नऊ वेळा नाही! अगं, हा माणसाचा फॉर्म आहे की भंगाराचा?"

फॉर्मच्या शेजारी हॉस्पिटलचं पत्र पडलं होतं. चार ओळींचं. सासूबाईंच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती, सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओढावा तसं रक्त त्यातून पुढे जात होतं. मांडीतून नळी घालून नवी झडप बसवता येते असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बसवली नाही तर वर्ष, फार तर दोन, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. मग ते प्रकरण कुठल्याशा समितीपुढे गेलं आणि समितीने लिहिलं: ‘रुग्ण अतिदुर्बल. झडप बदलण्याचा लाभ होण्याची शक्यता कमी. औषधे चालू ठेवावीत.’

"अतिदुर्बल!" धाकटा दीर उसळला. तो मोजणी खात्यात होता, आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजत आलेला. "मी कुणाच्या परसातली दोन हात जागा मोजायला गेलो तरी साखळी दोनदा टाकतो. आणि यांनी आईला न मोजता निकाल दिला? कुणी चालवून पाहिलं तिला? कुणी हात दाबून पाहिला?"

"कुणी नाही," थोरली म्हणाली. "एक तरुण डॉक्टर आले. उभ्याउभ्याच होते. आईंकडे एकदा पाहिलं, खुर्चीकडे एकदा पाहिलं, फॉर्म माझ्या हातात दिला आणि म्हणाले, घरी कोण काय करतं ते लिहा. मी लिहिलं."

"कुठली खुर्ची?" नणंदेने विचारलं.

थोरलीचा नवरा टेबलाच्या टोकाला बसून पुठ्ठ्याची कड नखाने गुळगुळीत करत होता. हा त्याचा जुना रिवाज. घरात आवाज चढले की याच्या हाताला पुठ्ठा लागायचा.

"चाकांची," तो शेवटी म्हणाला. "गेटवर होती. खुर्चीतल्या पेशंटला वेगळी रांग असते, ताई. नंबर लवकर लागतो. मी म्हटलं, कशाला उगाच ताटकळायचं."

"धन्य आहेस, दादा! नंबर लवकर लागला खरा," धाकटा म्हणाला.

एरवी यावर कुणीतरी हसलं असतं. धाकट्याच्या जिभेवर थोरलीचा जीव होता. नवरा गप्प बसला की तिच्या बाजूने बोलायला तोच असायचा. पण आज त्यानेही फॉर्म उचलला, बोट ठेवून ओळीओळीने खाली गेला आणि मान हलवली.

"पण वहिनी, हे जरा... म्हणजे जिना ‘नाही’? फोन ‘नाही’? आई मला परवाच फोनवर झापत होती."

"फोन मी लावून दिला होता, भाऊजी."

"लावून तू दिलास, पण लावता येत नाही असं कुठे आहे?"

"विचारलं होतं कोण करतं. जे घडतं ते मी लिहिलं. खोटं लिहायला हवं होतं का?"

"खोटं नको, पण अक्कल?" नणंदेने चष्मा काढला. चष्मा काढला की तिचे डोळे सासूबाईंसारखे दिसायचे. "तुला मिरवायचं होतं. गल्लीभर सांगत असतेस, आमच्या आईंना मी काडी उचलू देत नाही. मागे एकदा हॉस्पिटलच्या बाकावरही शेजारणीला तेच सांगत होतीस, मी माझ्या कानांनी ऐकलं. तुझ्या सेवेचं कौतुक व्हावं म्हणून तू माझ्या आईला पांगळी करून ठेवलीस, आणि तसं सहीनिशी लिहूनही दिलंस!"

थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सव्वीस वर्षं. या बाईने महिन्यातून एकदा यायचं, आईच्या गालाला गाल लावायचा आणि तासाभरात जायचं. आणि आज येऊन ही हिशेब विचारते? तिच्यापाशी एक वाक्य होतं. ते उच्चारलं असतं तर ही सगळी खोली गप्प झाली असती. पण ते वाक्य तिचं नव्हतं.

तेवढ्यात दार ढकललं गेलं.

"माझं मढं कुठे ठेवलंय ते तरी सांगा. म्हणजे मीही रडायला येते."

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, चौकटीला खांदा टेकवून. अंगाने चिवट, वळलेल्या सुतळीसारख्या. सगळी गल्ली त्यांना दाभणबाई म्हणायची. पुठ्ठ्याला भोक पाडायचं दाभण त्यांच्या हातात जसं चाले तशीच तोंडात जीभ, म्हणून.

"आई, तू उठलीस कशाला?" तिघांचे तीन आवाज एकदम.

"बघा! उठले तरी चोरी. अरे, त्या मेल्याने माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं असतं, की बाई, तुम्हाला काय येतं, तर मी सांगितलं नसतं? माझ्याबद्दल सगळ्यांना विचारलं. सुनेला विचारलं, पोराला विचारलं, खुर्चीला विचारलं. मला सोडून! आणि ठरवलं काय, तर मी जगून काही फायदा नाही." त्यांना धाप लागली. त्या थांबल्या, चौकट घट्ट धरली, श्वास गोळा केला. "माझ्या हाताखालून हजारो पुस्तकं गेलीत. पाठ मोडकी दिसली म्हणून एकही रद्दीत टाकलं नाही मी. आधी उघडून बघत होते, आत काय काय शाबूत आहे ते."

"म्हणूनच तर भांडतेय मी," नणंद म्हणाली. "मी जाऊन बसले त्या डॉक्टरांच्या दाराशी. सोमवारी सकाळी पुन्हा तपासणी घ्यायला लावली आहे. या वेळी मोजून. पण वहिनीने जे लिहून ठेवलंय ते—"

"हिनं काय लिहिलं?"

"हेच, की तुला काही म्हणजे काही येत नाही. हिनेच तुला बसवून ठेवलं, आई. तू बोलत नाहीस, पण सगळ्यांना दिसतं."

थोरलीने मान वर करून सासूबाईंकडे पाहिलं. आता तरी. एक शब्द. सासूबाईंची नजर तिच्यावर आली, क्षणभर टेकली आणि तिथून घसरून कोपऱ्यातल्या लोखंडी दाबयंत्रावर गेली.

"सोमवारी कोण कोण येणार आहे?" त्यांनी विचारलं.

बस. एवढंच. थोरली उठली आणि खळीचं भांडं धुवायला घेऊन गेली. भांडं स्वच्छच होतं.

*

नळाखाली भांडं धरून ती उभी राहिली आणि डोळ्यांपुढे आली ती चौदा महिन्यांपूर्वीची दुपार. दाबयंत्राशी सासूबाई जमिनीवर पडलेल्या. मुठीत दाभण तसंच. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. थोरलीने हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या, आणि मग हळूहळू, दुरून कुणी चालत घरी यावं तशा त्या परत आल्या. शुद्धीवर येताच पहिला शब्द आला तो "पाणी" नव्हता.

"कुणाला बोलायचं नाही. शपथ घे. कळलं तर उद्या या खोलीला कुलूप लागेल."

तीन महिन्यांनी पुन्हा, न्हाणीघरात. तेव्हापासून आंघोळ थोरली घालू लागली, म्हणजे त्या न्हायच्या आणि ही दाराशी पाटावर बसून राहायची, कडी न लावता. जिना बंद झाला. बाजार बंद झाला. लोकांनी विचारलं की थोरली मोठ्याने सांगायची, आमच्या आईंना मी काडी उचलू देत नाही. लोक म्हणायचे, केवढी सेवा! सेवेच्या अस्तराखाली ते पडणं तिने शिवून टाकलं होतं, बाहेरून एक टाका दिसणार नाही असं.

आणि फॉर्म भरताना आठ रकान्यांत तिने घडतं तेच लिहिलं. खोटं लिहिलं ते फक्त नवव्यात. ‘पडल्या आहेत का? नाही.’ साऱ्या फॉर्ममध्ये एकच खोटं, आणि तेही सासूबाईंच्या शब्दाखातर. बाकीची आठ खरी उत्तरं त्यांच्यावर उलटली, आणि त्यांच्याबरोबर तिच्यावर.

तिचा संताप आता नणंदेवर नव्हता. नणंदेला काय माहीत! संताप त्या घसरलेल्या नजरेचा होता. मला बोलणी खाऊ दिलीत, आई. समोर उभ्या राहून खाऊ दिलीत.

पण सासूबाई का गप्प राहिल्या तेही तिला कळत होतं, आणि म्हणून राग धड पेटतही नव्हता. दोनदा पडलेली बाई म्हटल्यावर समिती काय लिहील? आधीच अतिदुर्बल. त्यात हे. झडपेचं नाव सोडा, असंच म्हणतील.

*

सोमवारी सकाळी गेटवर तीच चाकांची खुर्ची आणि तिच्यामागे एक वॉर्डबॉय.

"बसा आजी, नंबर लवकर—"

"तूच बस," सासूबाई म्हणाल्या. "दमलेला दिसतोस. मी ढकलते."

धाकटा खो खो हसला. वॉर्डबॉयही हसला. थोरली हसली नाही. ती दोन पावलं मागून चालत होती, औषधांची पिशवी घेऊन.

तपासणीची खोली लांबोळकी होती. फरशीवर पिवळ्या पट्टीच्या दोन खुणा, मध्ये चार मीटर अंतर. एक बिनहाताची खुर्ची, टेबलावर पिस्तुलाच्या मुठीसारखं काहीतरी यंत्र. फिजिओथेरपिस्ट तिशीतली मुलगी होती. तिने आधी स्टूल ओढलं आणि सासूबाईंच्या समोर, डोळ्याला डोळा भिडेल असं बसली.

"आजी, इथून तिथपर्यंत चालायचं. नेहमी चालता तसं."

सासूबाई उठल्या. थोरल्या मुलाने झटकन पुढे होऊन दंड धरला. "सावकाश, आई. सावकाश हं. घाई नाही."

"नऊ सेकंद," मुलगी घड्याळ पाहून म्हणाली आणि लिहिलं मात्र काहीच नाही. "हे तुमचं चालणं झालं, काका. तुम्ही चांगले चालता. आता सगळ्यांनी बाहेर बसा. आजींबरोबर एकच जण थांबेल."

"मी थांबते," नणंद म्हणाली.

"ही थांबेल," सासूबाई म्हणाल्या आणि हनुवटीने थोरलीकडे खूण केली.

दार लागलं. सासूबाई पुन्हा खुणेवर उभ्या राहिल्या. थोरलीला ऐकू आलं, अगदी हळू, श्वासाच्या आत: सुई जाई पुढे, दोरा धावे मागे. त्या ठेक्यावर पावलं पडली, हाताशी कुणी नाही, भिंत नाही.

"साडेपाच! नऊचे साडेपाच झाले, आजी. अजून थोडे जास्तच आहेत, पण हे तुमचे आहेत."

मग मूठ. ते यंत्र हातात आल्यावर सासूबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं, पकड जमवली आणि दाबलं. मुलीने काटा वाचला, पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा दाबायला लावलं.

"चोवीस किलो. या वयाला? तुम्ही करत काय होता?"

"पुस्तकं दाबत होते. यंत्र आमचं बरं आहे, तुमचं खेळण्यातलं आहे."

पण खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायचं आलं तेव्हा चौथ्या वेळेला ओठांचा रंग उतरला. पाचव्यांदा त्या उठल्या, आणि बसल्या त्या धपकन. सतरा सेकंद. मुलीने पाणी दिलं, नाडी धरली, घाई केली नाही.

"खरं सांगू का?" ती दोघींनाही म्हणाली. "आजी कागदावर होत्या तशा मुळीच नाहीत. आणि ठणठणीतही नाहीत. दुर्बल आहे म्हटलं की दार बंद, असं नसतं. नसावं. काय कमी आहे आणि कशामुळे, ते कळलं तर आधी अंगात ताकद भरता येते, मग झडप बसवता येते. म्हणून मला खरं लागतं, चांगलं नाही." तिने जुना फॉर्म पुढ्यात घेतला. "आता हे बघू. आंघोळ?"

"न्हाते माझी मी," सासूबाई म्हणाल्या. "ही दाराशी बसते."

"स्वयंपाक?"

"येतो. हिच्यासारखा नाही येत."

थोरलीने चमकून वर पाहिलं. सव्वीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच बाहेर आलं होतं. एकेक ‘नाही’ खोडलं जात होतं, त्याच्या जागी मुलगी बारीक अक्षरात काही लिहीत होती. कपडे. औषधं. फोन. बाजार. आणि मग पेन शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं.

"गेल्या वर्षभरात पडलात का? इथे ‘नाही’ आहे. हे तरी बरोबर आहे ना?"

चोवीस किलोची मूठ मांडीवर मिटली होती. थोरलीने ती मूठ पाहिली आणि तिच्या मनातला चार दिवसांचा राग एकदम लहान झाला. जगायचंय हो म्हातारीला. एवढंच आहे. आणि मी कोण ते अडवणारी? जीभ सैल झाली. आणखी एकदा. एकच टाका, आतल्या बाजूने.

"हो, बरोबर आहे," ती म्हणाली. "पडल्या ना—"

"थांब."

सासूबाईंनी हात वर केला होता. "दार उघड. आत बोलाव त्यांना."

"आई, राहू दे."

"बोलाव म्हणते ना. मला धाप लागते, दोनदा सांगायला जमणार नाही."

थोरलीने दार उघडलं. तिघं आत आली, नणंद सगळ्यांत पुढे, पर्स छातीशी धरून. "काय झालं? चालली नाही का? वहिनी, काय सांगितलंस तू यांना?"

"ती काही सांगत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तेच तर दुखणं आहे. बाई, तुम्ही लिहून घ्या. पडले. दोनदा पडले. एकदा दाबयंत्रापाशी, एकदा न्हाणीत. ठेचकाळून नाही. डोळ्यांपुढे काळोख आला आणि मग मी नव्हतेच."

फिजिओथेरपिस्ट मुलगी ताठ बसली. "शुद्ध गेली होती? पूर्ण?" आणि उत्तराची वाट न पाहता ती लिहू लागली. लिहिलेल्याखाली तिने दोन रेघा ओढल्या. "हे अशक्तपणाचं पडणं नाही, त्या झडपेचं असू शकतं," ती स्वतःशीच पुटपुटली.

थोरल्याच्या हाताला आज पुठ्ठा नव्हता. तो नुसताच बोटं चोळत राहिला. धाकटा भिंतीकडे पाहत होता.

"आई," नणंदेचा आवाज शाळेतला राहिला नव्हता, "आणि तू आम्हाला..."

"तुला सांगितलं असतं तर तू खोलीला कुलूप घातलं असतंस. आता सांगितलं तर हे झडप देणार नाहीत. नाही देत तर नको देऊ देत." त्या थांबल्या. श्वास आला तसा घेतला. मग नणंदेवरची नजर काढून त्यांनी ती थोरलीवर आणली, आणि या वेळी ती घसरली नाही. "मला जमिनीवरून उचललं ते हिनं. दोन्ही वेळा. शपथ घालून मी हिचं तोंड शिवलं, आणि त्या दिवशी तुम्ही सगळे हिला फाडत होतात तेव्हा मी उभी राहून बघत होते. कारण मला मरायचं नव्हतं. मला भीती वाटते, पोरी. पहिल्यांदा पडले त्या दुपारपासून मला भीती वाटते."